कर्ण्यापासून कानापर्यंत

लाउडस्पीकरला मराठवाड्यातील जुनी माणसे 'कर्णा' म्हणत. पुढे 'भोंगा' हा शब्द रूढ झाला आणि अलीकडच्या राजकारणाने तर तो घरोघरी पोहोचवला. कर्णा म्हटले की कानाची आठवण होते, त्यामुळे हा शब्द संस्कृतातील 'कर्ण'वरून आला असावा असे कुणालाही वाटेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. फारसीतील 'करनाय' म्हणजे लांब नळीची तुतारी. नगारखान्यात आणि फौजेच्या आघाडीवर ती वाजत असे. तिचाच मराठीत करणा आणि कर्णा झाला. विजेवर चालणारे यंत्र आल्यावर लोकांनी जुनेच नाव नव्या वस्तूला देऊन टाकले. खुद्द 'आवाज' हा शब्दही फारसीच आहे. मराठी माणसाला आवाज द्यायचा असो वा आवाज उठवायचा असो, फारसीवाचून त्याचे भागत नाही. हे आपले जाता जाता.

आज जालना शहरात गांधी चमनपासून मामा चौकापर्यंत फेरफटका मारला तर मोबाईलची दुकाने मोजता मोजता कंटाळा येतो. दर्शनी भागात हँड्सफ्रीच्या वायरी तोरणासारख्या टांगलेल्या. आत काचेखाली चार्जर, डाटा केबल, नेकबँड, कानात बसणारे बड्स आणि मुठीएवढे ब्लूटूथ स्पीकर. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, कुठेही जा, बसस्टँडसमोर हेच दृश्य. यांतील बरीच दुकाने आपल्या तरुणांची आहेत. या मालाला कुणी इतिहास मानत नाही. जालन्याचा इतिहास म्हटला की आम्हाला जमशेदखानाची काळी मशीद आठवते, मोती तलाव आठवतो, फार तर 'जालना सोने का पालना' ही म्हण आठवते. पण लोकांनी काय बांधले, इतकेच लोकांनी काय ऐकले आणि कशातून ऐकले हेही इतिहासातच जमा होते. शिवाय या वायरींच्या मागे एक जुना वाद आहे. तो आपल्या समाजात दोनदा मोठ्या निकराने झाला. तिसऱ्यांदा व्हायला हवा होता, तेव्हा मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

हा वाद समजून घेण्यासाठी बरेच मागे जावे लागते. मदिनेत जमातीने नमाज सुरू झाली तेव्हा लोकांना बोलवायचे कसे, हा प्रश्न आला. शिंग फुंकावे, ठोका वाजवावा, आग पेटवावी, अशा सूचना झाल्याचे रिवायतींत नमूद आहे. मान्य झाली ती माणसाची हाक. ती देण्याचा मान मिळाला हजरत बिलाल यांना, गुलामीतून सुटलेल्या एका हबशी माणसाला. साधने हाताशी होती, तरी निवड गळ्याची झाली, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. पुढे जमाती मोठ्या झाल्या, मागच्या सफांपर्यंत इमामाची तकबीर पोहोचेना. त्यावरही उपाय माणसाचाच निघाला. सफेत उभे राहून इमामाची तकबीर मोठ्याने मागे पोहोचवणारा तो 'मुकब्बिर'. ईदगाहवर असे अनेक मुकब्बिर ठिकठिकाणी उभे असत. एकाने उचललेली तकबीर दुसरा पुढे देई. माणसांची ही साखळी तेराशे वर्षे पुरली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन वस्तू पाच वर्षांच्या अंतराने तयार झाल्या. १९१० साली युटा राज्यातील नथॅनियल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून दोन्ही कानांवर बसणारे हेडफोन बनवले आणि ते अमेरिकी नौदलाला विकले. बाल्डविन मॉर्मन पंथाचे. प्रार्थनागृहातील गर्दीत प्रवचन नीट ऐकू येत नसे, म्हणून ते आवाज वाढवण्याच्या खटपटीला लागले, असे सांगतात. १९१५ साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी कर्णा तयार केला. त्याला नाव दिले मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिनमध्ये थोर आवाज. एक वस्तू आवाजाला एकाच माणसाच्या कानात कोंडणारी, दुसरी तोच आवाज हजारोंवर उधळणारी. आतली रचना मात्र दोन्हींची जवळपास सारखीच: लोहचुंबक, तारेचे वेटोळे आणि थरथरणारा पडदा. आज गल्लीतील दुकानात टांगलेली हँड्सफ्री आणि मिनारावरचा भोंगा ही सख्खी भावंडेच आहेत.

हिंदुस्थानात कर्णा आधी सभांतून आला, मशिदीत नंतर. सिंगापूरच्या सुलतान मशिदीत १९३६ च्या सुमारास तो लागल्याचे आढळते. इकडे उलेमांमध्ये मोठा खल सुरू झाला. प्रश्न असा होता की कर्ण्यातून येतो तो इमामाचाच आवाज, की त्याचा केवळ प्रतिध्वनी? प्रतिध्वनी असेल तर त्यावर रुकू-सजदा करणाऱ्याची नमाज होणार नाही. कारण नमाज इमामाच्या मागे होते, यंत्राच्या मागे नव्हे. मौलाना अशरफ अली थानवी यांनी विज्ञान शिकवणाऱ्या जाणकारांकडे विचारणा केली आणि नमाजेत हे यंत्र नको असा निर्णय दिला. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आधी त्यांचे मतही मनाईचेच होते. पुढे ध्वनिशास्त्राच्या तज्ज्ञांशी पुन्हा विचारविनिमय झाला, हा मूळ आवाजच होय असे समजले, तेव्हा त्यांनी आपले मत बदलले. बरेलवी उलेमांपैकी अनेकांनी मनाई कायम ठेवली. त्यामुळे आजही काही मशिदींत खुतबा माईकवर होतो, पण नमाजेला उभे राहताच माईक बंद होतो आणि मुकब्बिर तकबीर पुकारतो.

नव्या शिक्षणातून आलेल्या माणसाला या वादाचे हसू येते. आम्हाला येत नाही. यंत्रातून आलेला आवाज माणसाचा मानावा की नाही, हा प्रश्न पुढे फोनवरच्या निकाहपर्यंत आणि फोनवरच्या तलाकपर्यंत येऊन ठेपला. आज कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल संगणक करू लागला आहे, तेव्हा त्या जुन्या मुफ्तींना पडलेली शंका किती मुळाला भिडणारी होती हे कळते. आणि दुसरे म्हणजे, ज्यांना आपण कर्मठ म्हणतो त्यांनी विज्ञानाच्या माणसाला बोलावून विचारले, उत्तर बदलले तसे मतही बदलले. इतकी तसदी आज कोण घेतो?

त्या काळात जालना निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे गावावरून जात होती. माल आणि बातमी दोन्ही हैदराबादेहून येत. हैदराबादचे रेडिओ केंद्र निजाम सरकारने १९३५ साली आपल्या ताब्यात घेतले. पुढे औरंगाबादेतही केंद्र निघाले. देश स्वतंत्र झाला त्या वेळी साऱ्या संस्थानांत मिळून रेडिओची पाचच केंद्रे होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. तेव्हा पुण्याला रेडिओ केंद्र नव्हते. उठसूट मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही. अर्थात रेडिओ संच होते ते जहागीरदार, वकील, अडते अशा मोजक्या घरांत. बाकीचे लोक ओट्यावर बसून, रस्त्यात उभे राहून ऐकत. रेडिओ एकाचा, कान साऱ्या मोहल्ल्याचे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. १३ तारखेला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, १४ ला औरंगाबाद शरण आले. जालन्याच्या बाजूला हैदराबादी फौजेने चिवट प्रतिकार केला. १५ तारखेला गोरखा सैनिकांची एक तुकडी जालन्यात ठेवून बाकीची फौज लातूरकडे वळली. १७ ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. कालपर्यंत रझाकारांचा प्रचार करणाऱ्या रेडिओवरून आज शरणागतीची भाषा ऐकावी लागली. एक राज्य संपले हे जालन्याला, परभणीला, नांदेडला कानांनी कळले. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले ते रेडिओवरून कळण्यासारखे नव्हते. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि तो अहवालही कित्येक दशके सरकारी दप्तरात पडून राहिला. हैदराबाद आणि औरंगाबादची केंद्रे १९५० साली आकाशवाणीकडे गेली.

दुसरा वाद गाण्यावरून झाला. १९५२ च्या सुमारास माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताला आळा घातला आणि सारा देश सिलोनकडे वळला. अमीन सयानी यांचा आवाज त्याच वर्षी बिनाका गीतमालेतून घरोघरी गेला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. मग ट्रान्झिस्टर आले. रेडिओ भिंतीवरच्या फळीवरून उतरून शेताच्या बांधावर गेला. त्या काळी रेडिओला लायसन्स लागे. दरवर्षी पोस्टात जाऊन पुस्तकावर तिकीट चिकटवून घ्यावे लागे. हा प्रकार १९८५ पर्यंत चालला. आपल्या मोहल्ल्यांत प्रश्न उभा राहिला की ज्या घरात कुराणाची तिलावत होते, त्या घरात हे गाणारे खोके ठेवावे काय? आणि त्याच खोक्यातून तिलावत ऐकू आली, सजद्याची आयत आली, तर ऐकणाऱ्यावर सजदा वाजिब होतो काय? मुफ्तींनी बारकाईने फरक केले. कारी समोर बसून वाचतो आहे आणि तो आवाज थेट येतो आहे, तर एक हुकूम. आवाज आधी भरून ठेवलेला आहे, तर दुसरा. हळूहळू एक समजूत रुजली, की यंत्राचा काही दोष नाही, त्यातून तुम्ही काय ऐकता त्याचा हिशोब तुमच्याकडे. आमच्या मते ही समजूत या साऱ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट होती. ती उगीच आली नाही. घराघरांत बाप-लेकांचे वाजले, जुम्याच्या बयानांतून टीका झाली, तेव्हा ती आली.

याच काळात महाराष्ट्राने एक असा गळा ऐकला, ज्याचे कर्ण्यावाचून फारसे अडत नसे. बार्शीचे मेहबूब पटेल, अर्थात शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखांच्या सभा त्या पहाडी आवाजावर उभ्या राहिल्या. मराठी मुसलमानाचा आवाज साऱ्या महाराष्ट्राने खांद्याला खांदा लावून ऐकावा, असे प्रसंग इतिहासात वारंवार येत नाहीत. म्हणून ही आठवण.

गावोगाव वीज आली तसे रेडिओ दुरुस्ती आणि साउंड सर्व्हिस हे दोन धंदे आपल्या अनेक मुलांनी धरले. भांडवल थोडे, शाळा फारशी नको, हात मात्र चलाख हवा. आहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, माईक, बॅटरी आणि वायरीचे भेंडोळे, एवढे सामान असले की लग्न, उरूस, निवडणूक, गणपती, हरिनाम सप्ताह, सगळीकडून बोलावणे येई. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत सप्ताहाच्या कीर्तनाला आणि मिलादच्या जलशाला एकच संच वाजत आला. माईक नीट करायला मंडपात शिरणारा पोरगा 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणायचा, तेव्हा त्याची जात कुणी विचारत नसे. सलोख्याच्या नावाने परिषद भरवावी लागत नव्हती; सामान एकाचे होते, इतकेच.

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ साली काढली, पण आपल्याकडे तिचा सुकाळ झाला तो ऐंशीच्या दशकात. आखातात कामाला गेलेल्यांनी टू-इन-वन आणले, हाजी साहेबांच्या सामानातही ते येऊ लागले. कव्वाल्या, नात, लोकगीते, मौलानांची बयाने, सगळे टेपवर मिळू लागले. याच सुमारास जपानमध्ये घडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सोनी कंपनीने १९७९ साली वॉकमन बाजारात आणला. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोके होती. एकट्यानेच कानात घालून ऐकत बसणे लोकांना असभ्यपणाचे वाटेल, अशी कंपनीचे प्रमुख आकिओ मोरिता यांना धास्ती होती. म्हणून दोघांची सोय केली, वर ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक बटणही दिले. लोकांनी त्या सोयीकडे फारसे पाहिलेच नाही. पुढच्या मॉडेलांतून ती गेली. जगाने एकट्याने ऐकायचे ठरवले ते तेव्हा.

जालन्यासारख्या जिल्ह्यात मोबाईल सर्वसामान्यांच्या हाती आला तो २००३ नंतर. त्या वर्षी १ मेपासून येणारा कॉल फुकट झाला, आणि ५०१ रुपये भरून फोन देणारी रिलायन्सची योजनाही त्याच पावसाळ्यात निघाली. सुरुवातीला या धंद्यात कव्हर आणि चार्जर एवढेच खपत असे. नोकियाची जाड पिन आणि बारीक पिन हा त्या काळचा परवलीचा शब्द होता. हँड्सफ्री घेतली जाई ती बहुधा बोलण्यासाठी नव्हे. फोनमधला एफएम रेडिओ हँड्सफ्री जोडल्याशिवाय लागत नसे, तिची वायरच एरियलचे काम करी, म्हणून लोक ती घेत.

मग आले चायना मोबाईल. मागच्या बाजूला मोठाले स्पीकर, दोन सिमकार्डे, आवाज एवढा की अख्खी एसटी ऐकेल. स्वस्त फोनमध्ये इतका आवाज मिळतो म्हटल्यावर गिऱ्हाईक तुटून पडले. त्यांतल्या अनेकांना आयएमईआय क्रमांकच नव्हता. सुरक्षेच्या कारणाने सरकारने ३० नोव्हेंबर २००९ नंतर असे फोन बंद पाडले, तेव्हा क्रमांक टाकून घेण्यासाठी गर्दी उडाली. याच काळात दुकानांवर पाट्या झळकल्या, 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील'. शेतातून आलेला गडी कार्ड काढून देई आणि काय हवे ते सांगे. लावण्या, भीमगीते, जुनी हिंदी गाणी, साबरी बंधूंच्या कव्वाल्या, रमजान जवळ आला की तिलावत आणि बयाने. संगणकापुढे बसलेल्या त्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला साऱ्या तालुक्याची आवड पाठ असे. असा श्रोतृवर्गाचा जाणकार आकाशवाणीलाही मिळाला नसता. कायद्याने ती चोरीच होती, हेही खरे. पुढे इंटरनेट स्वस्त झाले आणि पाट्या आपोआप उतरल्या.

माल येतो कुठून? चीनमधल्या शेनझेनहून निघतो, मुंबईच्या मनीष मार्केटला किंवा मुसाफिरखान्याला येतो, तिथून देवगिरी एक्स्प्रेसने जालन्याला. नाही तर हैदराबादच्या जगदीश मार्केटमधून. मुसाफिरखाना हे नाव आमच्या कानांना वेगळे लागते. साबू सिद्दीक मुसाफिरखाना बांधला होता हजला निघालेल्या मुसाफिरांच्या मुक्कामासाठी. आज त्या भागाचे नाव घेतले की तरुणांना चार्जर आणि हेडफोन आठवतात. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले, की कमावत्या मुसलमानांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत. हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्के. स्वयंरोजगार हा शब्द ऐकायला रुबाबदार आहे. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी असा, की नोकरी मिळाली नाही म्हणून काकांच्या रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर आता पुतण्या मोबाईल खोलून बसला आहे. जालन्यात पोलादाच्या रोलिंग मिल आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, तरी शिकलेल्या मुलाला दुकानच सुचते, ते का, याचा विचार कुणी तरी करावा.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि फोनवर दिवसभर काही ना काही ऐकणे-पाहणे परवडू लागले. त्याच महिन्यात अमेरिकेत ॲपलने आपल्या नव्या फोनमधून हेडफोनचे भोक काढून टाकले. ही पिन मूळची टेलिफोन एक्स्चेंजची. १८७८ पासून ऑपरेटर ती खोचत आले. पुढे ती लहान होत होत आपल्या खिशात आली. आता वायर गेली, ब्लूटूथ आले. हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून घेतलेले. वायरीची हँड्सफ्री तुटली तर सोल्डरिंग करून चालू करता येई. त्या कामावर कित्येक पोरांचे हात बसले. बड बिघडला तर दुकानदार नवा जोड पुढे करतो. उघडण्यासारखे त्यात काही ठेवलेलेच नाही.

आमचा मुद्दा इथून सुरू होतो. कर्ण्यावर आपण वर्षानुवर्षे वाद घातला. रेडिओवर, टेपवर घातला. फतवे निघाले, उलट फतवे निघाले, मते बदलली. कानातल्या या बोंडावर मात्र काहीच झाले नाही. ते आले, आणि झोपेतसुद्धा कानात राहू लागले. वास्तविक बदल याने सर्वांत मोठा केला. पूर्वी मोहल्ल्यात बयान व्हायचे ते सारे एकच ऐकत. मौलाना काही वावगे बोलले तर दुसऱ्या दिवशी हॉटेलात, ओट्यावर, न्हाव्याच्या दुकानात त्याची चिरफाड होई. एखादा बुजुर्ग उठून मौलानांनाच विचारे, की हजरत, हे कुठे लिहिले आहे? आता एकाच घरात बापाच्या कानात एका मसलकाचा वक्ता आहे, मुलाच्या कानात दुसऱ्याचा, धाकट्याच्या कानात लाहोरचा नाही तर लंडनचा. बोलणारा समोर नाही, त्याला विचारता येत नाही. शेजारी बसलेल्याला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्याशी वादही होत नाही. बयानाचे हे झाले. राजकारणाचे आणि द्वेषाचे जे काही कानात ओतले जाते, त्यालाही हाच नियम लागू.

दुसरी बाजूही लिहायला हवी, नाही तर अन्याय होईल. आपल्या बायकांना मशिदीतले बयान पडद्याआडच्या कर्ण्यातून जेवढे येईल तेवढेच ऐकायला मिळत होते. आज भाकरी थापता थापता एखादी सून कुराणाचा मराठी अर्थ कानात ऐकते, दुसरी स्पर्धा परीक्षेचा तास ऐकते, कुणाला विचारावे लागत नाही. आमच्या दृष्टीने या वायरीने केलेले सर्वांत मोठे काम हेच. अंबड, घनसावंगी, मंठ्याहून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर छोटा स्पीकर टांगलेला असतो. सहा महिन्यांच्या परमुलखात तेवढीच गावाची सोबत.

कानांचे म्हणाल तर तेही गंभीरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, ही तिने सांगितलेली मर्यादा. कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिलमध्ये पाळी करून आलेला कामगार कान आधीच बधिर झालेले असल्यामुळे आवाज आणखी वाढवतो.

या सगळ्या काळात मिनारावरचा भोंगा मात्र वादाच्या मध्यभागी राहिला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा दंडक पक्का केला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. फजरची अजान बहुतेक वर्षभर सहाच्या आत येते, त्यामुळे अडचण आपल्याला जास्त भासली. मे २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले, की अजान धर्माचा भाग आहे, लाउडस्पीकर नाही. मुअज्जिन आपल्या गळ्याने अजान देऊ शकतो. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात भोंग्यांवरून धमक्या आणि सभा झाल्या, त्यांतली एक सभा १ मे रोजी औरंगाबादेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही लाउडस्पीकर हा धर्माचा आवश्यक भाग नसल्याचे सांगितले आणि त्यानंतर मुंबईतल्या मशिदींवरचे भोंगे मोठ्या प्रमाणावर उतरले.

कायदा सगळ्यांना सारखा लावला जातो का, डीजेच्या मिरवणुकीपुढे डेसिबल मोजायचे यंत्र कुठे जाते, हे प्रश्न आम्ही विचारणारच. ते विचारलेच पाहिजेत. पण न्यायालयाने जे सांगितले ते ऐकून ज्यांना धक्का बसला त्यांना आपलाच इतिहास ठाऊक नव्हता, असे म्हणावे लागते. पाऊणशे-ऐंशी वर्षांपूर्वी आपलेच मुफ्ती या यंत्राला नमाजेच्या दारातसुद्धा येऊ देत नव्हते. मोठ्याने तिलावत करून एकमेकांना त्रास देऊ नका, ही ताकीद हदीसमध्येच आहे. मे २०२१ मध्ये सौदी सरकारने मशिदींच्या बाहेरच्या भोंग्यांचा आवाज एक तृतीयांशावर आणला आणि ते फक्त अजान व इकामतपुरते ठेवले. भोंग्याला दीनचा खांब आपणच केले, आणि तेही इतरांनी त्याच्यावर बोट ठेवल्यानंतर.

मुंबईत २०२५ च्या जूनमध्ये काही मशिदींनी वेगळी वाट धरली. तमिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या कंपनीने तयार केलेले एक ॲप त्यांनी घेतले. मुअज्जिन मशिदीत अजान देतो, ती त्याच वेळी मोहल्ल्यातल्या फोनांवर वाजते. इंग्लंडात हे नवे नाही. तिथल्या मशिदी कित्येक वर्षांपासून घरात ठेवलेल्या छोट्या रेडिओ संचांवर अजान आणि बयान पोहोचवतात. म्हणजे मिनारावरून उतरलेला आवाज अखेर मोबाईलच्या स्पीकरमध्ये येऊन बसला. थेट आवाज आणि भरलेला आवाज, मूळ आणि प्रतिध्वनी, हा थानवींच्या काळचा खल इथे पुन्हा काढता येईल. काढावा, असे आम्हाला वाटते.

या सोयीत एक मेख आहे. ॲपला स्मार्टफोन लागतो, इंटरनेट लागते, आणि ज्यांना अजानची वाट पाहण्याची सवय सर्वांत जुनी, त्या घरातल्या म्हाताऱ्या दादीकडे बटणांचा फोन असतो. भोंगा तिच्याकडून काही मागत नव्हता. तिच्यासाठी मग नातू बसस्टँडसमोरच्या दुकानातून छोटा ब्लूटूथ स्पीकर आणतो, आपल्या फोनला जोडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो. नातू कामावर गेला की फोन त्याच्याबरोबर जातो, आणि जोहरच्या वेळी स्पीकर मुका असतो. आजकाल गिऱ्हाईक दुकानात विचारू लागले आहे, की फोनशिवाय आपोआप अजान वाजवणारा काही डबा मिळेल का? मिळतो. वेळा आधीच भरलेले घड्याळ आहे, त्यात कुणा परक्या मुअज्जिनचा आवाज आहे. आपल्या मशिदीतला आवाज मात्र त्यात नाही.